विमा नाही, तर नाव पाण्यात नाही!

24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग आटोपून वीस पर्यटक परतत होते. किनारा डोळ्यांसमोर होता. बोट उलटली आणि दोन माणसे जिवास मुकली. त्या बोटीचे नाव होते ‘जय गजानन’. ज्या बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे त्याच जिल्ह्यात बसून आम्ही हे लिहीत आहोत, म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराजांचे नाव नाळेवर रंगवल्याने बोट सुरक्षित होत नाही. बोट सुरक्षित होते ती मजबूत बुडाने, मोजून घेतलेल्या माणसांनी, अंगावर घट्ट बांधलेल्या लाईफ जॅकेटने आणि शिकलेल्या तांडेलाने. यांतले एकही नसताना जो पैसे घेऊन माणसे नेतो, तो भक्त नव्हे आणि व्यावसायिकही नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवावर पैसा लावतो, हरल्यावर मात्र स्वतःचे काही देत नाही.

आमच्या हिवरा आश्रमाहून समुद्र शेकडो मैल दूर आहे. मेहकर तालुक्याला बोटींचे काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने आधी आपल्या विदर्भातले मृत्यू मोजावेत. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटली आणि दशक्रियेसाठी जमलेल्या एकाच गोतावळ्यातली 11 माणसे गेली. एका मृताचे दिवस करायला आलेल्यांचे दिवस करण्याची पाळी त्या घरावर आली. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला नदीपलीकडे निघालेल्या सहा मजूर स्त्रिया वैनगंगेने गिळल्या. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या, दिवसाच्या मजुरीला निघाल्या होत्या. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेली तरुण पोरे नावेसकट बुडाली. हे सारे गोड्या पाण्यातले मरण आहे. आपल्या जिल्ह्यात पैनगंगेवर पेनटाकळी आहे, देऊळगाव महीला खडकपूर्णेचा विस्तीर्ण संत चोखामेळा सागर आहे आणि आमच्या दारात कोराडीचा जलाशय आहे. त्या जलाशयात विवेकानंद स्मारक उभे आहे आणि ते पाहायला गावोगावची माणसे, शाळांच्या सहली, लेकुरवाळ्या बाया येतात. पाणी आले की नाव येते, नाव आली की गर्दी येते. म्हणून हा विषय आमचा आहे. तो आम्ही पंचनाम्याच्या दिवशी हाती घेणार नाही, आज घेतो.

राज्यभरातला क्रम पाहा. 13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या समुद्रात शाळकरी मुलांनी भरलेली बोट उलटली, तीन मुली गेल्या. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेली स्पीड बोट खडकावर आदळून बुडाली, एक तरुण गेला. त्या ताफ्यात सरकारी अधिकारी होते, म्हणजे सरकारला स्वतःचा ताफादेखील राखता आला नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा माणसे, त्यांत लहान मुले, बुडाली. त्यानंतर दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. 18 डिसेंबर 2024 रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीड बोट आदळली. नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची त्या वेळी चाचणी चालू होती. 15 जीव गेले. ‘नीलकमल’ला परवानगी 84 प्रवाशांची आणि 6 खलाशांची होती, त्या दिवशी बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पर्यटकांनी गजबजलेल्या पाण्यात इंजिनाची चाचणी घेणारा जेवढा जबाबदार, तेवढाच जास्तीची माणसे चढवणारा जबाबदार, आणि धक्क्यावर उभे राहून ती मोजण्याचे ज्याचे काम होते, तोही तेवढाच जबाबदार. दुसऱ्या दिवसापासून जॅकेटची सक्ती झाली. बैल गेला अन् झोपा केला, या म्हणीइतके अचूक वर्णन या राज्याच्या जलप्रशासनाचे दुसरे नाही.

अशा प्रत्येक अपघातानंतर एकच पाठ म्हटला जातो. पालकमंत्री घटनास्थळी येतात. मृतांच्या वारसांना मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून काही लाख आणि पंतप्रधान निधीतून काही लाख जाहीर होतात. चौकशी समिती नेमली जाते. नावाड्याला अटक होते. आठ-पंधरा दिवस बोटी बंद राहतात. मग हंगाम येतो, धक्क्यावर रांगा लागतात आणि त्याच बोटी, तेवढीच माणसे भरून, त्याच पाण्यात उतरतात. समितीने काय शोधले, कोणाला दोषी धरले, कोणत्या अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी झाली, हे मृताच्या आईला कोणी सांगत नाही. तिला धनादेश मिळतो आणि विषय मिटला असे सरकार समजते.

आमचा पहिला आरोप या धनादेशावरच आहे. ते पैसे कोणाचे? ते तुमचे-आमचे आहेत. ते मेहकरच्या आठवडी बाजारात चपलांचा जोड घेताना कर भरणाऱ्या शेतमजुराचे आहेत. तिकिटाचे पैसे बोटमालकाने घेतले, जीव प्रवाशाचा गेला आणि भरपाई जनतेने द्यायची, हा कोणता न्याय? नफा खासगी आणि नुकसान सार्वजनिक अशी ही व्यवस्था आहे आणि ती सरकारने मदतीच्या नावाखाली स्वतः उभी केली आहे. संकटात सापडलेल्या घराला सरकारने हात देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर द्यावा, ताबडतोब द्यावा. पण ज्याच्या हयगयीने माणूस मेला त्याच्याकडून तो पैसा वसूल न करणे म्हणजे हयगयीला सरकारी अनुदान देणे आहे.

आणि कायद्याची शिक्षा तरी काय आहे? वाचकांनी हे नीट वाचावे. धोकादायक अवस्थेतल्या किंवा जास्त भार भरलेल्या नावेतून भाडे घेऊन माणसांना नेणे, हा गुन्हा इंग्रजांनी 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 282 मध्ये लिहिला. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तेच कलम आता 284 झाले. कैद तीच सहा महिन्यांची राहिली आणि दंडाची कमाल मर्यादा झाली पाच हजार रुपये! दीडशेहून अधिक वर्षांत एवढाच बदल झाला. वीस माणसांच्या बोटीत तीस कोंबली आणि माणशी पाचशे रुपये घेतले, तर कायद्यातला सर्वांत मोठा दंड एकाच फेरीच्या जास्तीच्या कमाईतून भरून निघतो. मग कायद्याला कोण भिणार? माणसे मेल्यावर हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम लागते, त्यात आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ते कलम प्रेते बाहेर काढल्यावरचे आहे. माणसे जिवंत असताना, नाव धक्क्याला बांधलेली असताना, जास्तीचा माणूस चढत असताना जे कलम उपयोगी पडायला हवे, त्याची धार सरकारने बोथट ठेवली आहे.

अटक होते ती बहुतेक वेळा सुकाणू धरणाऱ्याला, वल्हे मारणाऱ्या भोई-ढीवराच्या पोराला. ठेका ज्याच्या नावावर आहे तो, बोट ज्याच्या पैशाने विकत घेतली तो, ‘अजून चार बसव’ म्हणून धक्क्यावरून ओरडणारा तो, आणि या सगळ्यांकडे पाठ करून बसलेला अधिकारी हे सारे मोकळे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार थांबला पाहिजे. नावाडी निर्दोष असतो असे नाही. दारू पिऊन सुकाणू धरणाऱ्यासाठी आम्ही क्षमा मागणार नाही. पण रोजंदारीवरच्या माणसाला तुरुंगात घालून जो मालकाला वाचवतो, त्याला अपघात थांबवायचाच नसतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याला येऊ. हिवरा आश्रमाच्या फाट्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही पोराच्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीसाठी वर्षाला 714 रुपये. विमा नसेल तर पहिल्यांदाच दोन हजारांचा दंड. त्या दुचाकीने कोणाला उडवले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, जखमीला आणि वारसाला दाद मागायला जागा आहे. पॉलिसीची एखादी अट चालकाने मोडली असली तरी अनेक प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला सांगतात: आधी पीडिताला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. रस्त्यावर मेलेल्याच्या घराला निदान हा आधार आहे. पाण्यात मेलेल्याच्या घराला काय आहे? त्यासाठी वेगळे न्यायाधिकरण नाही. 1855 चा प्राणघातक अपघातांचा कायदा आहे, दिवाणी न्यायालयाची पायरी आहे, ग्राहक आयोग आहे. गणपूरच्या मजूर बाईच्या नवऱ्याने वकील लावून किती वर्षे चकरा माराव्यात?

एसटीचे पाहा. 2016 पासून एसटीच्या प्रत्येक तिकिटात एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेतला जातो आणि बसच्या अपघातात प्रवासी गेला तर वारसांना दहा लाख रुपये मिळतात. मेहकर आगाराच्या बसमध्ये बसणारी म्हातारी तो रुपया देते, तिला ते ठाऊकही नसते. पण तिच्या जिवामागे एक निधी उभा असतो. रेल्वेचे तिकीट संगणकावर काढताना काही पैशांत दहा लाखांचा विमा निवडता येतो. एका रुपयात जे एसटीला जमते ते धरणातल्या बोटवाल्याला, मालवणच्या डायव्हिंगवाल्याला, घारापुरीच्या लाँचवाल्याला का जमू नये? परवडत नाही, हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. जो माणशी पाचशे-हजार घेतो, त्याला तिकिटामागे पाच रुपये विम्याला काढता येत नसतील तर त्याने तो धंदा करू नये.

कायदा मुळीच नाही असेही नाही, आणि म्हणूनच आमचा संताप अधिक आहे. 1917 चा जुना कायदा रद्द करून संसदेने 2021 मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, प्रशिक्षित चालक आणि विमा हे सारे त्यात आहे. राज्यात 1996 च्या कायद्याने स्थापलेले महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. साहसी पर्यटनाचे धोरण राज्याने ऑगस्ट 2021 मध्ये आणले, त्यात जमिनीवरच्या, हवेतल्या आणि पाण्यातल्या खेळांना नोंदणी बंधनकारक केली. कागद पुरेसे आहेत. पण धरणाचे पाणी जलसंपदा विभागाचे, त्यातली मासळी मत्स्यव्यवसाय विभागाची, पर्यटन पर्यटन विभागाचे, काठ ग्रामपंचायतीचा आणि प्रेत पोलिसांचे! एका जलाशयाचे पाच मालक आणि बुडणाऱ्याचा वाली एकही नाही. शिवाय वल्ह्याने चालणारा डोंगा विमा सक्तीच्या कक्षेबाहेर राहतो; त्याची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवलेले आहे. ज्या नावेत सर्वांत गरीब माणूस बसतो, तीच नाव कायद्याने सर्वांत सैल सोडली आहे.

विम्याचा आग्रह आम्ही केवळ भरपाईसाठी धरत नाही. विमा कंपनी विमा उतरवण्याआधी आपला सर्वेक्षक पाठवते. तो बुडाला हात लावतो, इंजिन चालू करून पाहतो, चालकाचा परवाना मागतो, किती माणसांची क्षमता हे लिहून घेतो, जॅकेट मोजतो. कारण उद्या नाव बुडाली तर पैसे त्याच्या कंपनीचे जाणार असतात. सरकारी निरीक्षकाने टेबलावर बसून शिक्का मारला तरी त्याच्या खिशातून दमडी जात नाही. म्हणून तो धक्क्यावर येत नाही. जुनाट, गळकी, मासेमारीसाठी बांधलेली आणि वर बाकडी ठोकून पर्यटकांसाठी फिरवलेली नाव कोणती कंपनी विम्याला घेईल? घेणार नाही, आणि तेच आम्हाला हवे आहे. 7 मे 2023 रोजी केरळात तानूर येथे 22 माणसांचा बळी घेऊन बुडालेली बोट मासेमारीच्या बोटीत फेरफार करून बनवलेली होती. विमा सक्तीचा आणि खरा असेल तर अशी नाव धक्का सोडणार नाही. पण भरपाई विमा कंपनी देते म्हणून मालक सुटला, असेही होता कामा नये. पैसा विम्याचा जाईल. दोषी ठरलेला मालक मात्र गजाआड गेलाच पाहिजे.

स्कूबाच्या धंद्याचा हिशेब याहूनही गंभीर आहे, कारण तिथे माणूस बोटीवर असतो तेव्हा धोक्यात असतो आणि पाण्याखाली असतो तेव्हाही. सहलीतून मालवण-तारकर्लीला गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोराला, ज्याने जन्मात विहिरीपलीकडे पाणी पाहिले नाही, दहा-पंधरा मिनिटांत नळी तोंडात धरायला शिकवतात आणि एका कागदावर सही घेतात. ‘माझ्या जबाबदारीवर उतरत आहे.’ तो कागद म्हणजे डायव्हिंगवाल्याची ढाल. सही घेतली म्हणजे हयगयीचा परवाना मिळाला, असे समजणाऱ्यांना आम्ही बजावतो: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित कराराला आव्हान देण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. पाण्यात जाण्यातला स्वाभाविक धोका प्रवासी पत्करतो. तुमची फुटकी बोट, रिकामी टाकी आणि न शिकलेला माणूस हा धोका तो पत्करत नाही. आणि जो स्थानिक पोर रोज आठ-दहा पर्यटकांना हाताला धरून खाली नेतो त्याचे काय? आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत व्यावसायिक म्हणून केलेले स्कूबा डायव्हिंग स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे पर्यटकाला वाचवताना त्याला इजा झाली, तर साध्या पॉलिसीतून त्याला उपचारही मिळणार नाहीत. मालकाने त्याच्यासाठी वेगळा विमा काढला पाहिजे. किती मालकांनी काढला आहे? किनाऱ्यावरच्या प्रत्येक डायव्हिंग केंद्राची ही यादी सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनाने जाहीर करावी.

जगात याचा निकाल कसा लागला, ते एका घटनेवरून कळते, आणि तिच्यात विदर्भाचे रक्त सांडलेले आहे. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ ही डायव्हिंगची बोट नांगर टाकून उभी होती. खालच्या डेकवर 33 पर्यटक आणि एक खलाशी झोपले होते. आग लागली. दोन वाटा होत्या, त्या दोन्ही वर एकाच पेटलेल्या दालनात उघडत होत्या. रात्री फेरी मारून पहारा देणारा माणूस नियमाने आवश्यक होता. तो नेमलाच नव्हता. 34ही जण गेले. त्यांत मूळची नागपूरची एक तरुणी आणि तिचा नवरा होता. कप्तान आणि वर असलेले खलाशी पाण्यात उड्या टाकून वाचले. आणि मालकाने काय केले? प्रेते पुरती वर निघण्याआधी, अवघ्या तीन दिवसांत, 1851 च्या एका अमेरिकी कायद्याचा आधार घेऊन तो न्यायालयात गेला. जहाजाच्या अपघातानंतर शिल्लक राहिलेल्या किमतीपुरतेच मालकाचे दायित्व, असे तो कायदा म्हणत होता. बोट जळून तळाला गेलेली. शिल्लक किंमत शून्य. म्हणजे 34 जिवांची भरपाई शून्य!

त्या घरांनी मान खाली घातली नाही. त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसला छोट्या प्रवासी बोटींसाठी तो दीडशेहून अधिक वर्षांचा कायदा बदलावा लागला. कप्तानावर खटला चालला, ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि मे 2024 मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. चार वर्षे पुरेशी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे हिशेब मागणारी माणसे उभी राहिली आणि कायदा हलला. आपल्या 2021 च्या जलयान कायद्यातही मालकाच्या दायित्वाला मर्यादा घालणारी तरतूद आहे. तिची झळ झुंजच्या किंवा उजनीच्या घरांना बसण्याआधी आमदार-खासदारांनी ती वाचली आहे काय? बुलढाण्याच्या लोकप्रतिनिधींना आमचा हा थेट प्रश्न आहे.

प्रशासन म्हणेल, शेकडो जलाशय, हजारो नावा, माणसे कुठून आणू? हे कारण बुलढाणा जिल्ह्याच्या महसूल प्रशासनाने तरी देऊ नये. खडकपूर्णेच्या पात्रात अवैध रेती उपसणाऱ्या बोटी याच प्रशासनाने शोधून काढल्या, काठाला ओढल्या आणि जिलेटिनच्या स्फोटात उडवून दिल्या. त्या कारवाईबद्दल आम्ही त्यांचे अभिनंदनच करतो. पण मग हे सिद्ध झाले की पाण्यावरची बेकायदा बोट प्रशासनाला दिसते, तिथपर्यंत तहसीलदार पोहोचू शकतो, तिचा बंदोबस्त होऊ शकतो. सरकारची रेती चोरणारी बोट उडवता येते, तर माणसांचा जीव चोरणारी बोट निदान जप्त करता येते. रेतीच्या रॉयल्टीपेक्षा माणसाचा जीव स्वस्त आहे, असे जिल्हाधिकाऱ्यांना म्हणायचे नसेल तर त्यांनी तसे कृतीने दाखवावे.

नावाड्यांच्या पोटाचा प्रश्न पुढे करणाऱ्यांनाही उत्तर देतो. त्यांचे पोट आम्हाला प्रिय आहे. म्हणूनच सांगतो की एक अपघात झाला की महिनाभर धंदा बंद पडतो, आणि उपाशी राहतो तो नियमाने वागणारा नावाडीसुद्धा. मच्छीमार संस्थांच्या नावांचा सामूहिक विमा राज्याने काढावा, पहिली तीन वर्षे हप्त्याचा अर्धा भार उचलावा, जॅकेट फुकट द्यावेत, तांडेलाचे प्रशिक्षण गावात आणावे. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी केंद्राची योजना आहे. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह योजना आहे, तीही दोन लाखांची. पण सातबारा नसलेल्या मजुराला ती दुसरी योजना विचारत नाही. नदी ओलांडून मजुरीला जाणाऱ्या भूमिहीन बाईला सरकारने त्या कक्षेत घेतलेच पाहिजे.

जिल्ह्यातल्या प्रत्येक जलाशयाला एक नाव असलेला, फोन क्रमांक असलेला, जबाबदार अधिकारी नेमला जावा; नाव बुडाली तर पहिली नोटीस त्याला. प्रत्येक नावेच्या बाजूवर किती माणसे, हे हातभर अक्षरांत रंगवलेले असावे आणि त्याशेजारी विमापत्राचा क्रमांक व मुदत. धक्क्यावर चढणाऱ्याची नोंदवही असावी. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी नाव सुटू नये. बोट अपघाताचे दावे मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर चालावेत आणि विमा कंपनीने आधी वारसांना द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे. कलम 284 चा दंड पाच हजारांवरून पाच लाख व्हावा आणि दुसऱ्या गुन्ह्याला बोट कायमची सरकारजमा व्हावी. तारकर्लीपासून ‘नीलकमल’पर्यंत नेमलेल्या साऱ्या चौकशांचे अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. यांतली एकही मागणी अशक्य नाही. अशक्य असती तर ती एसटीला आणि दुचाकीला लागू झालीच नसती.

आणि सुरुवात हिवरा आश्रमापासून व्हावी. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या गावात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखावर माणसांची पंगत बसते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पुरी-भाजी वाढली जाते, स्वयंसेवक ओळी राखतात, कोणी चेंगरत नाही, कोणी उपाशी उठत नाही. हजारो हातांना शिस्त लावणाऱ्या या गावाला कोराडीच्या काठावर नावेत चढणारी माणसे मोजणे कठीण नाही. विवेकानंदांचे स्मारक ज्या पाण्यात उभे आहे त्या पाण्यात एकाही यात्रेकरूचा जीव हयगयीने जाऊ नये, ही या गावाची प्रतिष्ठा आहे. ग्रामपंचायतीने ठराव करावा: विमापत्र, क्षमतेचा आकडा आणि प्रत्येकाला जॅकेट असल्याशिवाय आमच्या काठावरून कोणतीही नाव सुटणार नाही, मग ती कोणाचीही असो.

सरकार जागे होईपर्यंत वाचकांच्या हातात एक अधिकार आहे, तो आजपासून वापरा. कोराडी असो, खडकपूर्णा असो की मालवणचा किनारा, नावेत पाय टाकण्याआधी मालकाला विमापत्र दाखवायला सांगा, किती माणसांची परवानगी आहे ते विचारा आणि आत बसलेली माणसे मोजा. सहलीच्या शिक्षकांनी मुलांना चढवण्याआधी हे केलेच पाहिजे. विमापत्र दाखवले नाही, माणसे जास्त असली किंवा जॅकेट कमी पडले, तर लेकराचा हात धरा, काठावर परत या आणि त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.